मधलीची पिशवी

त्या घरात मधलीला पाणीसुद्धा कुणी हातात देत नसे. पेला दाराच्या आत फरशीवर टेकवायचा आणि वळायचं, असा रिवाज पडला होता. वहिनी तर पेला ठेवून, चार पावलं मागं सरकून, मग हाक मारायची, "भाऊजी, पाणी ठेवलंय." भाऊजी हा शब्द ती असा ठासून म्हणायची, जसा काही लाकडात खिळा ठोकते आहे. एका घावात नाही गेला तर दुसरा.

मधली पाणी प्यायची आणि काही बोलायची नाही. वाकून पेला उचलायचा म्हणजे खालचे सगळे टाके ताणले जायचे, त्यामुळे तोंड उघडलं असतं तर त्यातून शब्दाऐवजी कण्हणंच बाहेर पडलं असतं. आणि ते तिला वहिनीसमोर नको होतं.

तीन भावंडं. थोरला, मधला, धाकटी. धाकटी लग्न होऊन लांब गेली होती आणि ऑपरेशनची बातमी कळल्यापासून फोन उचलत नव्हती. मधल्याची मधली झाली त्याला बरीच वर्षं झाली. चांगलंसं नवं नाव घेता आलं असतं, मैत्रिणींनी सुचवलीही होती दहा. पण ती म्हणाली, मी मधलीच आहे, वर एक आहे, खाली एक आहे, ते थोडंच बदलतंय? घरच्यांच्या तोंडी मात्र 'मधल्या'च राहिला. मेलेल्या माणसाला हाक मारावी तशी ती हाक वाटायची तिला, आणि ओ द्यावी लागायची.

खाली दुकान, वर घर. दुकान गाद्यांचं आणि सोफ्यांचं. वडलांनी सुरू केलेलं, आता थोरल्याच्या हातात. लहानपणापासून तिघं फोमच्या भुशात वाढली. थोरल्याला हिशोब आणि गिऱ्हाईक जमायचं. कापड कापणं आणि बटणं बसवणं मधलीसारखं कुणाला जमलं नाही. गादीत बटण एकदा बसवलं की भोवतीची सुरकुती अशी चारी बाजूंनी सारखी पडायची, की वडील कारागिरांना बोलावून दाखवायचे. नंतर ती पहिल्यांदा स्वतःसाठी शिवलेला बायकी पोशाख घालून जिना उतरली तेव्हा त्याच वडलांनी कात्री फेकून मारली. कात्री लागली नाही. पण ती त्या दिवशी घरातून निघाली आणि दुसऱ्या गावातल्या मोटारींच्या सीटांच्या कारखान्यात लागली. एक खोली भाड्यानं घेतली. वडील गेले तेव्हा आली, मागं उभी राहिली, कुणी बोललं नाही म्हणून परत गेली.

ऑपरेशन तिनं स्वतःच्या कष्टावर करून घेतलं. बरं होईपर्यंत शेजारीण सोबतीला राहणार होती, तर ऐन वेळी त्या शेजारणीच्या आईला पक्षाघात झाला आणि ती गावी गेली. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "रिकाम्या खोलीत सोडणार नाही मी तुला. पहिले काही आठवडे घरात माणूस पाहिजे." माणूस म्हणजे कोण, असा विचार करता करता मधलीनं थोरल्याला फोन लावला. त्याला सगळं सांगितलं. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो असा:

"बटणं बसवता येतात ना अजून?"

कारण त्याला एका मोठ्या सभागृहाचं काम मिळालं होतं. सभागृहाच्या सगळ्या बाकांसाठी सुट्या बैठका, प्रत्येक बैठकीला बटणं. आणि सभागृहाच्या व्यवस्थापकानं बजावलं होतं की चेन लावायची नाही, लोक चेन उघडून आतला फोम उपसतात. म्हणजे खोळ उलटी शिवायची, सुलटी करायची, फोम भरायचा आणि शेवटची उघडी बाजू हातानं बंद करायची. हे शेवटचं काम आईचं. आईकडे वाकडी सुई होती आणि आतल्या आत लपणारा टाका होता. उघडी बाजू तिच्या हाती आली की ती बघता बघता नाहीशी होत असे. कुठं होती ते शोधून सापडू नये. आयुष्यभर तिनं तेच केलं. घरात तिजोरी नव्हती. जपायचं ते आई उशीत शिवायची, मग ते तिचे कानातले असोत नाहीतर घराची कागदपत्रं. कुठल्या उशीत, ते फक्त तिला ठाऊक.

तर मधली आली. मागची खोली मिळाली. अटी थोरल्यानं दारातच सांगितल्या. गॅलरीत यायचं नाही. पुढच्या जिन्यानं उतरायचं नाही. कुणी विचारलं तर हर्निया.

"हर्नियाला एवढे दिवस कोण पडून राहतं दादा?"

"मोठा हर्निया," थोरला म्हणाला.

सुजेमुळे बसता येत नव्हतं. कुशीवर पडून ती बटणांवर कापड चढवायची आणि ती बैठकांना बसवायची. पॅड बदलायची, कोमट पाण्यानं धुवायची, हळूहळू खोलीतल्या खोलीत चालायची. पाणी तापवायला न्हाणीघरात गेली की वहिनी बाहेरून कडी वाजवायची. "भाऊजी, आम्हालाही अंघोळी असतात. मोरी नीट धुऊन निघा. पोरं येतात तिथं." पोरांना तर सांगून ठेवलं होतं की काकाला लागणारा रोग झालाय.

हे सगळं तिनं गिळलं असतं. घरात टोमणे खाऊनच ती लहानाची मोठी झाली होती, त्यानं तिचं पोट बिघडत नव्हतं. पण एक गोष्ट अशी होती जी चुकवून चालणार नव्हतं. डॉक्टरांनी जी वाट नव्यानं करून दिली होती ती शरीराला अजून आपली वाटत नव्हती. शरीर ती जखमच समजतं आणि मिटवायला धावतं. म्हणून दिवसातून तीनदा, दार लावून, उताणं पडून, डायलेटर आत घालून अर्धा अर्धा तास राहायचं. दवाखान्यानं त्यांचा संच दिला होता, गुळगुळीत, गोल टोकाचे दांडे, बारक्यापासून जाडपर्यंत, कापडी पिशवीत घातलेले. दुखायचं. पहिल्या दिवशी तर तिनं उशीचा कोपरा दातांत धरला होता. सिस्टरनी निरोप देताना बोट नाचवून सांगितलं होतं, "या दिवसांत टाळाटाळ केलीस तर ते आवळत जाईल आणि मिटेल. मग मला येऊन रडून दाखवू नकोस. एकदा मिटलं की पुन्हा सुरी, आणि दुसऱ्यांदा पहिल्यासारखं होईलच असं नाही."

घरात ते तीन अर्धे तास सगळ्यांना माहीत झाले. वहिनी नेमकी तेव्हाच दार ठोठवायची. "काही हवंय का भाऊजी?" एरवी दिवसभर काही हवं का म्हणून विचारणार नाही.

आणि आई. आई खोलीत यायची नाही, पण त्या अर्ध्या तासात दाराबाहेर स्टूल टाकून बसायची. मधली बाहेर आली की तिच्या चेहऱ्याकडे न बघता विचारायची, "रक्त येतंय?"

"थोडं येतं. चालतं तेवढं."

"चालतं कसं? भरत आलेली जखम उकरू नये, मधल्या. भरू दे."

"आई, ती जखम नाही. ती भरली तर सगळं वाया गेलं."

"जाऊ दे की वाया. मी जन्म दिला तेव्हा सगळं नीट दिलं होतं तुला. एक टाका इकडचा तिकडे नव्हता."

"दिलंस गं. पण माप माझं नव्हतं."

आईनं यावर तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत माया नव्हती. हट्टी गिऱ्हाइकाकडे बघतात तसं ते बघणं होतं. "देव बुजवतोय," ती म्हणाली, "आणि तू दिवसातून तीनदा देवाशी भांडतोस."

मधली देव मानायची. ऑपरेशनच्या टेबलावर चढतानाही तिनं हात जोडले होते. देवाला भांडायचंच असतं तर त्यानं मला त्या टेबलावरून उठवलंच नसतं, असं तिच्या मनात आलं. पण आईला देवाच्या गोष्टी समजावून सांगायची तिची प्राज्ञा नव्हती. ती कुशीवर वळली आणि बटणं करायला लागली.

एका संध्याकाळी ती न्हाणीघरातून आली तर पिशवी नव्हती.

गादीखाली बघितलं, कपड्यांत बघितलं, कपाटाच्या मागं हात घातला. वहिनी दारात येऊन उभी राहिली.

"काय हरवलं?"

"माझी पिशवी. तुम्ही बघितलीत?"

"कसली पिशवी? काय होतं तिच्यात? नाव घेऊन सांगा ना, म्हणजे शोधायला बरं." आणि पदर तोंडाला लावून हसली. थोरला जेवत होता, त्यानं ताटातून मान वर केली नाही. "मला जेवताना ते सांगू नका," एवढंच म्हणाला. आई भिंतीकडे तोंड करून आडवी झाली होती.

ती संध्याकाळ चुकली. झोपायच्या वेळचा अर्धा तासही चुकला. पडल्या पडल्या मधलीला वाटत होतं, आतमध्ये कुणीतरी हळूहळू दोरी ओढून तोंड बंद करतंय. डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी तिनं सिस्टरना फोन केला. तिकडून आधी शिव्या आल्या, मग सल्ला. "आजचं चुकवू नकोस. सापडली की सगळ्यात बारक्यापासून सुरू कर, जबरदस्ती करू नकोस. नाहीच सापडली तर इकडे ये, दुसरा संच देते. पण आजच्या आज नीघ." दवाखाना दिवसभराच्या बसप्रवासावर. आणि तिला तर खुर्चीवरही धड टेकता येत नव्हतं.

फोन ठेवून ती सरळ आईपुढं जाऊन उभी राहिली.

"आई, पिशवी दे."

आई डाळ निवडत होती. "माझ्याकडे नाही."

"मग कुठं आहे?"

"घरात नाही. शोधू नकोस. शोधून सापडणार नाही." खडा उचलून तिनं बाजूला टाकला. "पंधरा दिवस गप पड. भरून येईल. मग बघ, तूच म्हणशील आईनं बरं केलं."

शोधून सापडणार नाही, या तीन शब्दांवर मधली थबकली. आईची लपवायची एकच रीत होती. घरातल्या उशा तर तिनं सकाळीच दाबून बघितल्या होत्या. घरात नाही म्हणजे खाली. आणि खाली, तिला इथं ऐकू येत होतं, टेम्पोत सभागृहाच्या बैठकांची पहिली खेप चढत होती.

पुढच्या जिन्यानं उतरायची मनाई होती. ती पुढच्याच जिन्यानं उतरली, कठडा धरून, एकेक पायरी आडवी होत. थोरला टेम्पोत उभा राहून बैठका रचत होता. टेम्पोवाला खालून देत होता.

"वर जा!" थोरला ओरडला.

"दादा, गाडी थांबव. आईनं माझी पिशवी यांतल्या एका बैठकीत शिवली आहे."

"शिवू दे. नवी घे."

"नवी घेईन. पण जुनी सभागृहात जाईल."

थोरल्याला हे कळायला जरा वेळ लागला. मग त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. भरलेलं सभागृह, पहिल्या रांगेत मानाची माणसं, त्यातला कुणीतरी खाली टेकतो आणि टुणकन उठतो. मग ती बैठक फाडली जाते आणि आतून काय निघतं, तर ते. आणि मागच्या बाजूला दुकानाच्या नावाची कापडी पट्टी.

"आई!" तो जिन्याकडे बघून गरजला. आई वर पायरीवर येऊन उभी होती. "कुठल्या बैठकीत घातलंस?"

"मला काय माहीत," आई म्हणाली. "सगळ्या सारख्या दिसतात." तिच्या मनात एवढंच आलं होतं की नकोशी वस्तू घरातून जावी. तिच्यावर कुणी बसेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते आत्ता आलं, आणि ती मटकन पायरीवर बसली.

टाका बघून ओळखायची सोय नव्हती. तिनं सगळ्यांनाच आपला टाका घातला होता. हातानं दाबून जाड फोमच्या पोटातलं कळेना. राहिला एकच उपाय. बसून बघायचं. मधलीला बसता येत नव्हतं. टेम्पोवाला म्हणाला, "माझं काम चढवायचं, बसायचं नाही." तेव्हा थोरल्यानं एकेक बैठक दुकानाच्या पायरीवर टाकली आणि स्वतः बसायला लागला. बसायचा, इकडे सरकायचा, तिकडे सरकायचा, उठायचा. दुसरी. तिसरी. समोरच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली.

वहिनी खिडकीतून ओरडली, "अहो, काय चाललंय? माल द्यायचाय की अंडी उबवायचीत?"

"तू आत हो!"

"लोक हसतायत!"

"तुझ्यामुळे, भाड्या," थोरला मधलीकडे बघून दात खात म्हणाला आणि पुढच्या बैठकीवर जोरात बसला. "अगं आई गं!"

सापडली.

त्यानं फोम कापायच्या पात्यानं कड फाडली. हात आत घालायची मात्र त्याला शिसारी. बैठक उलटी धरून झटकली. पिशवी पायरीवर पडली, तिचं तोंड सुटलं आणि एक डायलेटर घरंगळत टेम्पोवाल्याच्या पायाशी गेला. क्षणभर सगळे त्याच्याकडे बघत राहिले. टेम्पोवाल्यानं बुटाच्या टोकानं तो मधलीकडे ढकलला. कुणी वाकलं नाही. वाकणं फक्त तिलाच कठीण होतं आणि वाकायचं फक्त तिलाच होतं. ती भिंत धरून गुडघ्यांवर आली, खालून कळ उठली ती डोळ्यांपर्यंत गेली. तिनं तो उचलला, पदराच्या टोकानं पुसला, पिशवीत घातला.

"आता वर जा," थोरला म्हणाला. "ही फाटलेली दुपारपर्यंत शिवून ठेव."

"मी जाते दादा. माझ्या खोलीवर."

"आणि उरलेली बटणं?"

मधलीला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "तुझ्याच हातानं बसव," ती म्हणाली. "वाकडी बसतील. बसू दे."

"गेलास तर या पायरीवर पुन्हा पाऊल टाकायचं नाही."

आई वरून म्हणाली, "एवढी जखम घेऊन कुठं निघालास? तिथं तुझ्याकडे बघायला कोण आहे?"

"कुणी नाही, आई," मधली म्हणाली. "म्हणूनच निघाले."

तिची कपड्यांची बॅग वहिनीनं जिन्यावरून खाली ढकलून दिली. तेवढं एक काम तिनं न सांगता आणि हसतमुखानं केलं.

सभागृह मधलीच्या गावाच्या वाटेवरच होतं. टेम्पोवाला आधी नाही म्हणाला, मग म्हणाला, "पुढं बसू नका, लोक बघतात. मागं पडा." मागं बैठकांच्या थप्पीवर ती कुशीवर आडवी झाली. तिनंच बटणं लावलेल्या. पहिल्या गतिरोधकाला टेम्पो उडाला आणि तिनं पिशवी छातीशी आवळली.

"हळू घ्या जरा!"

"हर्नियाला एवढं?" तो पुढून ओरडला. "माझ्या मेव्हण्याचा झाला, तो चौथ्या दिवशी पोती उचलत होता."

"हर्निया नाही."

"थोरलेशेठ म्हणाले हर्निया."

"खोटं बोलले. मी बाई व्हायचं ऑपरेशन करून घेतलंय."

"मला असलं काही सांगू नका," तो पुढून म्हणाला. "मला गाडी चालवायची असते." पुढच्या गतिरोधकाला त्यानं वेग कमी केला आणि लगेच काच खाली करून ओरडला, "गाडीचे पाटे मोडू नयेत म्हणून हळू केली, तुमच्यासाठी नाही!"

सभागृहात माल उतरवून त्यानं तिला तिच्या गावात सोडलं. खोलीला कोंदट वास येत होता. टेबलावर धूळ. मधलीनं बॅग दारातच सोडली, कडी लावली आणि आधी ते सगळे डायलेटर साबणानं धुतले, एकेक, पाण्याखाली फिरवत. पाय धुतले, हात धुतले. उताणी पडली, गुडघे वर घेतले. देवा, तिनं मनात म्हटलं, आई म्हणते तू बुजवतोयस. मला तसं वाटत नाही. पण तसं असलंच, तर तुझं काम तू कर आणि माझं मला करू दे.

सगळ्यात बारका गेला. दुखलं, पण गेला. त्याच्यावरचा अर्ध्या वाटेत अडला. तिनं ढकललं नाही. श्वास सोडला, पुन्हा घेतला, वरच्या छताकडे बघत राहिली. बऱ्याच वेळानं तो थोडा सरकला. आणखी थोडा. काल जिथवर पोहोचला होता तिथवर नाही पोहोचला, बोटभर अलीकडेच थांबला. पण वाट होती. मिटली नव्हती. तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांत उतरलं, ते तिनं पुसलं नाही. हात मोकळे नव्हते.

तेवढ्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या मालकीणबाई. त्यांना जिन्यावर पाऊल वाजलं की राहवत नसे, आणि ही भाडेकरीण त्यांना कधीच फारशी आवडली नव्हती.

"आलीस का? सांगायची पद्धत आहे की नाही? एवढे दिवस होतीस कुठं?"

"आजारी होते."

"कसला आजार? आत कोण आहे तुझ्याबरोबर?"

"कुणी नाही."

"मग दार लावून काय करतेस? उघड आधी." त्यांनी दारावर थाप मारली. "उघड म्हणते ना मी!"

मधलीनं श्वास सोडला आणि हात होता तिथंच ठेवला.

"अर्ध्या तासानं या," ती म्हणाली.